बावटा लावलेलं जहाज

मंडळी, आधीच सांगून टाकते. मी बोईसरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये काम करते आणि जे परीक्षानळीत दिसत नाही ते मी मानत नाही. आमच्या गावात कोणी खाडीवर बाई पाहिली, कोणाला वडाखाली हाक ऐकू आली... अशी गोष्ट निघाली की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "किती घेतली होतीस?" त्यामुळे न उलगडणाऱ्या अनुभवांच्या या सदरात लिहायची पाळी माझ्यावर येईल असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण आली खरी.

माझं गाव दातिवरे, पालघर तालुक्यातलं. मासेमारीवाले आम्ही. बाबाची छोटी मशीनबोट आहे आणि तो एकटाच समुद्रावर जातो. भागीदार टिकत नाही, कारण बाबाचं तोंड! मी नोकरीसाठी बोईसरला खोली घेऊन राहते, सोबत पूनम. ती मूळची गोरखपूरकडची, आमच्याच कारखान्यात पॅकिंगला आहे.

आणि माझा नाद म्हणजे कॉम्प्युटरवरचा अंतराळाचा गेम. हसू नका. यात प्रत्येक जहाजात कुठेतरी बसलेला खराखुरा माणूस असतो. काही जण माल वाहतात, काही खाणी खणतात, आणि माझ्यासारखे काही... चाचे. निर्जन वाटेवर दबा धरायचा, मालवाहू जहाज आलं की अडवायचं आणि लुटायचं. बाकीचे टोळीने करतात, मी एकटी. पंधरा जणांनी मिळून एकाला धुण्यात कसली मर्दुमकी? एकटीने गाठायचं, एकटीने लढायचं, हरले तर माझं जहाज गेलं. आई म्हणते, "बापूस एकटा दर्यात, पोरगी एकटी आभालात. मी भिंतीशी बोलू का?"

आता तो दिवस. शुक्रवार होता. आमच्या एमआयडीसीत सुट्टी शुक्रवारची असते, रविवारची नाही. गावात आमच्याच आळीत हळद होती, ऊन उतरलं की मी निघणार होते. साडी इस्त्री करून खुर्चीवर ठेवली होती आणि "एकच शिकार करून उठते" म्हणत मी गेममध्ये बसले होते. पूनम शेजारी भेंडी चिरत होती.

एक मालवाहू जहाज आलं. ढब्बं, जुनाट, बंदूक नाही, सोबतीला कोणी नाही. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी झडप घालून त्याला अडवलं, निशाणा धरला आणि नेहमीचा निरोप धाडला — माल टाक आणि जा. अशा वेळी लोक पळतात, शिव्या देतात, गयावया करतात. एकाने तर मला त्याच्या बायकोच्या डोहाळजेवणाची शपथ घातली होती! पण हा काहीच बोलेना.

त्याऐवजी ते जहाज पूर्ण डावीकडे कलंडलं. मग पूर्ण उजवीकडे. परत डावीकडे, परत उजवीकडे. आणि मग नाक सरळ वर करून खांबासारखं उभं राहिलं.

"ये क्या नाच रहा है?" पूनम सुरी हातात धरून म्हणाली.

मी हसले. जहाजाने तेच पुन्हा केलं. दोनदा आडवं, मग उभं. आणि माझं हसू गेलं.

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. समुद्रात मशीन बंद पडलं आणि फोनला रेंज नसली की बांबूला शर्ट नाहीतर जॅकेट बांधून हलवतात, त्याला आम्ही बावटा म्हणतो. पण नुसता हलवला तर लांबून बघणाऱ्याला वाटतं, सहज हात करतोय. म्हणून आमच्या घरात पद्धत आहे : बांबू दोनदा आडवा फिरवायचा, मग सरळ उभा करून धरायचा. आजोबांपासूनची. आळीत सगळ्यांना ती ठाऊक आहे. आणि बावटा दिसला की जाळं तसंच सोडून, भांडण विसरून, बोलचाल बंद असली तरी त्या बोटीकडे जायचंच. आमच्या आळीत यावर चर्चा होत नाही.

आता ही खूण गेममधल्या माणसाला कुठून माहीत? मला वाटलं, गावातलाच कोणीतरी कार्टा खेळतोय आणि माझी फिरकी घेतोय. म्हटलं बाबाला सांगूया, खूश होईल. मी फोन लावला. बंद. मग आईला लावला, तिच्या मागे डीजे दणदणत होता.

"बाबा कुठाय गं?"

"दर्यावर गेलाय सकालपासून! आज कोणी बोट काढली नाय, सगले हलदीत. पण त्याला सांगतो कोण? म्हणाला, जालं दर्यात ठेवून मला नाचता येत नाय. भरतीबरोबर यायचा होता, अजून नाय आला. येईल गं, तू ये लवकर, मटण शिजलंय."

आईला काळजी वाटत नव्हती. बाबा उशीर करतोच. पण मी घड्याळाकडे पाहिलं. भरती उलटून ओहोटी लागली होती, म्हणजे बंद पडलेली बोट बाहेर, खोल पाण्यात ओढली जाणार. आणि त्या दिवशी अख्ख्या समुद्रात गावची एकही बोट नव्हती. बाबाने बावटा लावला तरी बघणार कोण?

मी स्क्रीनकडे पाहिलं. ते जहाज तसंच उभं होतं.

आता मी काय करायचं? हळदीत नाचणाऱ्या माणसांना काय सांगू, की कॉम्प्युटरमध्ये एक जहाज कलंडलं, म्हणून बोट काढा? जन्मभर हसं झालं असतं माझं. पण भीती एवढी वाटली ना, की मी सरळ खोटं बोलले. चुलतभावाला, हेमंतदादाला फोन केला. "दादा, बाबाचा फोन आलेला. मशीन बंद पडलंय. कट झाला लगेच. बोट काढ ना रे!"

"आता? मी पिवला झालोय पुरा!"

"पिवळा हो नाहीतर निळा हो, बोट काढ!"

हेमंतदादा बाबाशी चार महिने बोलत नव्हता. त्याने पुढे एक शब्दही विचारला नाही, फोन ठेवला. मीही कॉम्प्युटर तसाच सोडून साडीबिडी विसरून पळाले. पूनम म्हणाली, "मैं भी चलती हूँ," आणि भेंडी टाकून आली. सफाळ्यापर्यंत गाडीत माझ्या डोक्यात दोनच गोष्टी फिरत होत्या. एकीकडे बाबाला काही झालं असेल ही धास्ती, दुसरीकडे काहीच झालं नसेल आणि मी उगाच वऱ्हाड हलवलं असेल ही लाज. खरं सांगू? मी देवाला म्हटलं, लाजच दे.

किनाऱ्यावर पोचलो तर निम्मी हळद तिथेच उभी. आईने येऊन माझा हात घट्ट धरला. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग हेमंतदादाची बोट दिसली आणि तिच्या मागे दोरीने बांधलेली आमची. हेमंतदादा आणि त्याचे दोन मित्र डोक्यापासून पायापर्यंत पिवळे, घामाने हळद डोळ्यांत उतरलेली, आणि मागच्या बोटीत बाबा उघडाबंब उभा! शर्ट बांबूवर होता ना.

बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात दोर अडकला होता, नांगराचा दोर तुटला होता आणि बोट बाहेर वाहत चालली होती. दादा म्हणाला, अजून थोडं पुढे गेला असता तर सापडला नसता. बाबा पाण्यात उतरला आणि पहिला प्रश्न विचारला, "मटण संपलं का?" आईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग ती रडली. मी तर आधीपासूनच रडत होते.

जेवताना गोची झाली. दादा म्हणाला, "काका, बरं झालं फोन लागला तुझा." बाबाने हाड चोखायचं थांबवलं. "माझा फोन? तो तर सकालीच पाण्यात पडला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग काय, सांगितलं सगळं. पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसेना, पण पूनमने ताटावरून उठून दोन्ही हात पसरले आणि ते जहाज कसं कलंडलं, कसं उभं राहिलं ते करून दाखवलं. "मैंने अपनी आँखों से देखा, चाचा." हसणाऱ्यांनी कानाला हात लावले.

बाबा मात्र हसला नाही की घाबरला नाही. त्याने एकच विचारलं. "मग त्याचं काय केलंस?"

"कोणाचं?"

"त्या बोटीचं. तिने बावटा लावला ना? तिला तशीच सोडून आलीस?"

"अरे बाबा, तुझ्यासाठीच आले ना मी!"

"माज्याकडे हेमंत आला. तिच्याकडे कोण गेलं?"



दोन दिवसांनी खोलीवर येऊन पाहिलं. माझं जहाज होतं तिथेच, पण समोर कोणी नव्हतं. गेमच्या कंपनीला लिहून विचारलं. उत्तर आलं की त्या वेळी त्या भागात तुमच्याशिवाय कोणतंही जहाज नव्हतं. गावात हा गेम खेळणारं दुसरं कोणी नाही, घराघरात विचारून झालं. योगायोग म्हणावा तर माझ्यासारखीने लगेच म्हटला असता, पण ते दोनदा आडवं आणि मग उभं... तिथे माझी अक्कल संपते. पूनम आहे म्हणून, नाहीतर मी स्वतःलाच विचारलं असतं की किती घेतली होतीस.

पुढच्या शुक्रवारी बाबा सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन बोईसरला आला. ज्या गेमला तो "रिकामटेकड्यांचा धंदा" म्हणायचा, त्याच्यासमोर मांडी घालून बसला आणि मला हुकूम सोडत राहिला. "पुढे घे. आता डावीकडे बघ. अगं, एवढा दर्या हाय, नीट बघ!" मध्येच एक लठ्ठ मालवाहू जहाज दिसलं, एकटंच. माझे हात शिवशिवले. बाबाने मनगट धरलं.

"आधी जवल जाऊन विचार, काय पायजे त्याला."

"बाबा, मी लुटारू आहे!"

"अस की. पण दातिवऱ्याची हायस."

माझ्या चाचेगिरीचा त्या दिवशी बोजवारा उडाला, तो अजून सावरलेला नाही. ते जहाज कोणाचं होतं, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणी हा गेम खेळत असेल आणि कुठल्या निर्जन वाटेवर एखादं जुनाट, ढब्बं जहाज कलंडताना दिसलं, तर कृपा करून गोळी झाडू नका, मला कळवा. कारण बाबा समुद्रावरून आला की रोज फोन करतो, आणि जेवलीस का, बरी आहेस का, यातलं काहीही न विचारता सरळ म्हणतो, "गावला का तो?"

मी म्हणते, "नाय रे."

"मग शोध," म्हणतो आणि फोन ठेवतो.