काकाचा विक्रम

माझ्या काकाने सतराव्या वर्षी ‘पाणबुडी’वर दोन लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे गुण केले, हे मी आजवर निदान पाचशे लोकांना सांगितलं असेल. त्यातल्या चारशे नव्वद जणांनी विचारलंही नव्हतं.

‘पाणबुडी’ हा व्हिडिओ गेम. पुरुषभर उंचीचं लाकडी खोकं, वर पडदा, डावीकडे पाणबुडी फिरवायची दांडी आणि उजवीकडे दोन बटणं. एक दाबलं की बॉम्ब सुटायचा, दुसरं दाबलं की पाणबुडी खाली जायची. आमच्या चौकातल्या गेमच्या दुकानात असं एकच मशीन होतं. संध्याकाळी ते बंद केलं की सगळे आकडे पुसले जायचे, त्यामुळे उद्या कुणी कितीही फुशारकी मारली तरी पुरावा काही नाही. त्यावर दुकानदाराने एक नियम काढला होता. कुणी दोन लाखांवर गेलं की तो खेळ तसाच ठेवून कॅमेरा आणायचा, पडद्याशेजारी खेळाडूला उभं करून फोटो काढायचा आणि भिंतीवर लावायचा. फोटो असेल तरच विक्रम खरा. ‘पाणबुडी’चा असा फोटो एकच निघाला, माझ्या काकाचा. तो वर्तमानपत्रातही छापून आला. ते कात्रण काकूने चौकटीत घालून फ्रिजच्या वर लावलंय.

काकाला तुम्ही पाहिलंत तर तुम्हालाही तो आवडेल. नोंदणी कार्यालयात तो टंकलेखक आहे. त्याची बोटं इतकी चालतात की कागद करायला आलेली माणसं आपला नंबर विसरून त्याच्याकडे बघत बसतात. तोंडही तसंच चालतं. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या नकला करतो, जेवताना ताटाच्या कडेवर ताल धरतो, आणि काकू रागावली की तिचीच नक्कल करून तिला हसवतो. मात्र विक्रमाचा विषय काढला की हा बोलघेवडा माणूस गप्प. ‘झालं ते झालं,’ म्हणायचा आणि चहा मागायचा. मी त्याला विनय समजत होते.

माझे बाबा म्हणजे काकाचा दादा. ते वजनकाट्यावर काम करतात. ट्रक काट्यावर आला की वजन बघायचं, पावती लिहायची, ट्रक सोडायचा. दिवसभर आकडे बोलून त्यांचे शब्द संपत असावेत, कारण घरी ते मोजकंच बोलतात. विशीत असताना छापखान्यात कागद कापायच्या यंत्राखाली त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. तो हात ते बाहेर कायम खिशात ठेवतात आणि पावत्या डाव्या हाताने लिहितात. मी लहानपणी मनातल्या मनात हिशेब मांडला होता की आजीने सगळी मजा धाकट्या मुलाला दिली आणि थोरल्याला काहीच ठेवलं नाही. असले हिशेब लहानपणी माफ असतात. मी तो मोठी झाल्यावरही बदलला नाही.

तर यंदा बातमी आली की जुन्या मशीनची छोटी प्रतिकृती निघणार. दीड वीत उंच, तसाच पडदा, तशीच दांडी, कडेला तेच निळे-पिवळे पट्टे, पोटात वीस जुने गेम आणि त्यात ‘पाणबुडी’. आमच्या जुन्या गेमच्या ग्रुपला अक्षरशः वेड लागलं. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढते. त्या आठवड्यात एका आजोबांना तेच भिंग दोनदा लावून ‘आता बरं दिसतंय का’ विचारलं. ग्रुपवर बायकापोरं असलेली माणसं खोक्याच्या चित्राखाली बदाम टाकत होती. एका दंतवैद्याने तर मशीन ठेवायला कपाटातली पुस्तकं माळ्यावर टाकली. आणि मी, गप्प बसवेना म्हणून, काकाचं कात्रण ग्रुपवर टाकलं.

मग काय, काका एका संध्याकाळीत देव झाला. ज्यांनी ते दुकान पाहिलं होतं त्यांना आठवणींचे उमाळे आले, ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांना जास्तच आले. शनिवारी सकाळी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर जमायचं, पहिलं खोकं काकाच्या हस्ते उघडायचं आणि पहिला डाव त्याने खेळायचा, असं ठरलं. काका आधी नाही म्हणाला. मग डोकं दुखतंय म्हणाला. मग ऑफिसात काम आहे म्हणाला, शनिवारी त्यांचं ऑफिस बंद असतं तरी. मी हट्टाला पेटले होते. शेवटी काकूच म्हणाली की पोरगी एवढं म्हणतेय तर जा की, आणि तो तयार झाला.

शुक्रवारी बाबांनी मला विचारलं, उद्या कितीला आहे तुमचं. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला तिथे कंटाळा येईल, सगळी गेमवेडी माणसं आहेत, घरचं कुणी नाही. बाबा ‘बरं’ म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

शनिवारी साठ-सत्तर माणसं जमली. नवरे आले होते, बायका आल्या होत्या, एकाची सासू खुर्ची पकडून पहिल्या रांगेत बसली होती. काकू नवी साडी नेसून फोटो काढत होती. काकाने खोकं उघडलं, टाळ्या पडल्या, आणि तो खेळायला बसला.

पहिली पाणबुडी चार सेकंदांत खडकावर आपटली. लोक हसले, त्यांना वाटलं हा गंमत करतोय. दुसरीही तशीच गेली. तिसरीच्या वेळी कुणी हसलं नाही. सगळे मिळून नऊशे गुण झाले. काका घाम पुसत म्हणाला, दांडी फार लहान आहे, बोटांत येत नाही. सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. बरोबर आहे, खेळण्यातली दांडी ती, जुन्या हाताला कशी जमणार. मीही डोलावली.

तेवढ्यात आमच्या ग्रुपमधला वायरमन पुढे आला. त्याने घरी बसून जुन्या मशीनच्या मापाची दांडी आणि बटणं एका फळीवर बसवली होती, वायर छोट्या मशीनला लावली की झालं. बिचाऱ्याने काकासाठीच केलं होतं. त्याने फळी काकाच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, घ्या साहेब, तुमच्या मापाची.

काकाचा उजवा हात बटणांवर गेला आणि आपोआप बसला. डाव्या हाताने मात्र त्याने दांडी अशी धरली, जशी गरम पातेल्याची कड धरावी. ज्याने कधी एकदाही ती दांडी हातात धरली असेल तो तशी धरणार नाही. मी समोरच उभी होते, मला ते दिसलं. बाकीच्यांनाही दिसलं असणार, कारण सगळे एकदम पडद्याकडे बघायला लागले. या खेपेला अकराशे झाले. काका म्हणाला, खांदा धरलाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांमध्ये इतका समजूतदारपणा होता की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

जिन्यात मी काकाला गाठलं. माझं नाक कापलं गेलं होतं आणि मला फक्त त्या नाकाचीच पडली होती. मी विचारलं, तू कधी खेळला होतास तरी का.

काका पायरीवर बसला. “बटणं माझी होती,” तो म्हणाला. “दांडी दादाची.”

मग त्याने सगळं सांगितलं. बाबांची बोटं नुकतीच गेली होती. ते घरातून बाहेर पडत नव्हते. काका त्यांना ओढून गेमच्या दुकानात घेऊन गेला. बाबांना दोन बटणं सांभाळता येत नव्हती, म्हणून दोघे एकाच मशीनपुढे उभे राहायचे. बाबा डाव्या हाताने पाणबुडी फिरवायचे, काका त्यांच्या उजव्या अंगाला उभा राहून बटणं दाबायचा. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, कधी खाली जायचं, सगळं बाबा ठरवायचे. ‘आता’ म्हणायचे, की काकाने दाबायचं. सात महिने रोज. काकाने दांडीला हातही लावला नाही, लावायची गरजच पडली नाही. त्या दिवशी दोन लाख चौऱ्याऐंशी हजार झाले आणि दुकानदार कॅमेरा घेऊन आला. दोघेही उभे राहिले. आणि काकाला बाबांचा हात दिसला.

“मी म्हटलं, दादा, जरा बाजूला हो.” काका जिन्याच्या कठड्याकडे बघत बोलत होता. “तोही लगेच झाला. मी स्वतःला सांगितलं की त्यालाच फोटोत यायला आवडणार नाही. पण तसं नव्हतं गं. मला लाज वाटली. फोटोत माझ्या शेजारी तो हात नको होता मला.”

बत्तीस वर्षांत दोघा भावांत याविषयी एक शब्द झाला नव्हता.

आम्ही तिथून थेट आमच्या घरी आलो. काकाच्या काखेत खोकं, माझ्या हातात वायरमनची फळी. बाबा टेबलापाशी इस्त्रीची वायर बदलत होते. काका दारातच उभा राहिला. एरवी कुणाचीही नक्कल करणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज काढता येईना. शेवटी तो म्हणाला की दादा, मी हिला सांगितलं सगळं, पुढच्या शनिवारी सगळ्यांना पुन्हा बोलावू, तू चल, लोकांसमोर मी सांगतो कुणाचा विक्रम आहे तो.

बाबांनी पेचकस खाली ठेवला. “लोकांना कशाला? इतकी वर्षं तू गप्प बसतोस, ते मला दिसत नव्हतं का? एवढं पुरे.”

काका रडला. पन्नाशीला आलेला माणूस आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. बाबांनी त्याला पाणी दिलं आणि खोक्याकडे बघून विचारलं, लागतं कसं हे.

मी वायर जोडली. बाबांनी डावा हात दांडीवर ठेवला, काका उजवीकडे उभा राहिला. पहिला डाव वाईट गेला, दुसरा त्याहून थोडा बरा. तिसऱ्या डावात बाबांनी खडकांच्या मधून पाणबुडी अशी काढली की मी श्वास घ्यायची थांबले. ‘आता,’ बाबा म्हणाले. काकाने दाबलं. ‘आता.’ पुन्हा दाबलं. माझ्या वडिलांना इतकं भराभर बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. एकेचाळीस हजारांवर खेळ संपला, विक्रमाच्या जवळपासही नाही, आणि दोघे एकमेकांच्या चुका काढत हसत होते. बाबांचा उजवा हात टेबलावर उघडा पडला होता.

काका तोंड धुवायला गेला तेव्हा मी बाबांना म्हटलं की तुम्ही सकाळी यायला हवं होतं.

“काकूने फोटो पाठवले मला,” बाबा म्हणाले. “बरीच मंडळी होती. कुणाच्या तरी सासूबाईही होत्या.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते फळीवरची दांडी इकडून तिकडे हलवून बघत होते.

“तू कंटाळा येईल म्हणालीस, तेव्हाच कळलं मला,” ते म्हणाले. “असू दे. मला बाजूला व्हायची सवय आहे.”

एवढ्यात काका आला आणि आणखी एक डाव टाकू म्हणाला, आणि बाबा सरकून बसले.

रविवारी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. दांडी कुणाची होती ते लिहिलं, फोटोच्या वेळी काय झालं तेही, काकाने सांगितलं तसंच, एक शब्द न गाळता. काकानेच तसं बजावलं होतं. लोकांनी काकाच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, बाबांना नमस्कार सांगितले. वायरमनने लिहिलं की अशी मुलगी सगळ्यांना मिळो. त्याखाली सत्तर जणांनी बदाम टाकले. शनिवारी माझे बाबा तिथे का नव्हते, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही ते लिहिलं नव्हतं.