छपराखाली निजून बघणारी आक्का

तासगावजवळच्या खेड्यात राहणारी माझी आत्या कुठलंही छप्पर त्याच्याखाली निजून बघायची. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. ऐन चैत्रातल्या दुपारी ती कुणाच्या तरी घरी जायची, सतरंजी मागून घ्यायची आणि वर बघत तासभर पडून राहायची. पत्रा, स्लॅब, गावात नवं जे जे आलं, त्या सगळ्याखाली ती निजून आली होती. "छप्पर खालनं बघायचं असतंय," ती म्हणायची. "वरनं बघतोय त्यो विकनारा."

तो विकणारा म्हणजे मी. सांगलीत माझा सोलरचा धंदा आहे. पॅनेल हेच छप्पर, असा नवा प्रकार आला तेव्हा मी आक्काकडेही गेलो. तिचे यजमान, आमचे अण्णा, लकव्यानं अंथरुणाला खिळले होते; वाचाही गेली होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून विजेच्या पंपावर चालणारी हवेची गादी आणली होती, आणि वीज नेमकी भरदुपारी जायची. गादी चपटी झाली की आक्का एकटी त्यांना कुशीवर वळवत बसायची. वर जुनी कौलं, पावसात दोन ठिकाणी गळणारी.

"आक्का, ही उतरवू आणि सोलरचं घालू," मी म्हणालो.

"आदी मला त्याच्याखाली निजू दे."

इस्लामपूरला मी असं एक घर केलं होतं. तिथं तिला घेऊन गेलो. ती चांगली दीड तास झोपली. मी बाहेर सोप्यात ताक पीत बसलो. उठून आली, पदर सारखा केला.

"गार हाय. गळनार बी न्हाई," म्हणाली. "पन आत दिवस कळत न्हाई, रं."

घरी आल्यावर तिनं मला अण्णांच्या खाटेजवळ बसवलं. कौलांत एक कौल काचेचं होतं. त्यातून पडलेला उन्हाचा तुकडा जमिनीवरून कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे सरकत होता. त्यात धुळीचे कण तरंगत होते. अण्णांची नजर त्याच्यामागून, सावकाश, चालली होती. बघता बघता माझेही डोळे जड झाले. किती वेळ गेला कळलं नाही. ऊन ट्रंकेवर चढलं तसं अण्णांनी बोट हलवलं आणि आक्का चहा ठेवायला उठली.

"तुज्या छपरात काच बसती का?" तिनं चुलीपासून विचारलं.

"या प्रकारात नाही बसत," मी खरं ते सांगितलं.

मग आम्ही सोपा आणि गोठा यांच्यावर सोलर घातलं, बॅटरी ठेवली, तिथून अण्णांच्या खाटेपर्यंत वायर ओढली. त्यांची खोली कौलारूच राहिली. अण्णा आणखी दोन वर्षं होते. पाठीला एक जखम झाली नाही.

ते गेल्यावर महिन्याभरात आक्काचा फोन आला. "ये. ती बी कौलं उतर."

"राहू देत की, अण्णांची आठवण."

"बगनारा गेला," ती म्हणाली. "आता गळतंय ते कशाला ठिवू?"

कौलं, रिपा, वासे उतरेपर्यंत दुपार कलली. खोली एकदम केवढी तरी मोठी झाली. चार भिंती आणि वर नुसतं आभाळ. आक्का आत येऊन रिकाम्या खाटेच्या कडेवर बसली. बगळ्यांची एक ओळ द्राक्षबागांकडे निघून गेली.

"त्यास्नी हे दाखवायचं ऱ्हायलं," ती म्हणाली.

माणसं पॅनेलचा सांगाडा चढवायला शिडीवर थांबली होती. मी त्यांना खुणेनं खाली बोलावलं. छप्पर आम्ही दुसऱ्या दिवशी घातलं.