खंडेनवमीची बाटली

आमच्या लॅबमधल्या गोदावरीबाईंच्या हाताखाली सगळे साहेब आणि डॉक्टर काम करतात, असं आम्ही त्यांना चिडवायचो. कागदोपत्री बाई मदतनीस, पण फ्रीजची किल्ली, चहाची वेळ आणि कोणी चप्पल कुठे काढायची, सगळं त्यांच्या मर्जीवर. सासर गुरवाचं, त्यामुळे पूजाअर्चाही त्यांच्याकडेच. खोटं बोलणं त्यांना अजिबात खपत नसे. मी एकदा न धुतलेल्या नळ्या धुतल्या म्हणून सांगितलं, तर आठवडाभर मला चहा मिळाला नव्हता.

त्या वर्षी नातेपुत्याची श्रावणी आमच्याकडे संशोधनाला होती. शेळ्यामेंढ्यांपासून माणसाला जो रेंगाळणारा ताप लागतो, त्यात अंगातल्या लढाऊ पेशींचं काय होतं, हे तिला मोजायचं होतं. या पेशींवर सीडी-फोर नावाचं प्रथिन असतं. ते नेमकं ओळखून त्याला चिकटणारी अँटिबॉडी परदेशातून मागवली होती. करंगळीएवढी बाटली, चांदीच्या कागदात गुंडाळलेली. त्या अँटिबॉडीला एक चमकणारा रंग जोडलेला असतो. पेशी चमकली की मशीन ती मोजतं. ऊन लागलं की चमक मरते, म्हणून बाटली थंडीत आणि अंधारात ठेवायची.

रक्त मंद्रूपच्या धनगरवस्तीतून मिळणार होतं, पण तिथल्या बायका सुईला हात देईनात. गोदावरीबाईंचं माहेर मंद्रूपच. त्यांनी जाऊन वस्तीतल्या थोरल्या म्हाळसाबाईला शब्द दिला की तुमच्या रक्ताचा थेंबही वाया जाणार नाही. तेव्हा कुठे सगळ्या दसऱ्यानंतर रक्त द्यायला तयार झाल्या.

खंडेनवमीला बाईंनी नेहमीप्रमाणे मायक्रोस्कोपला, मशीनला झेंडूचे हार घातले. मग त्यांच्या मनात आलं, सगळ्यांत मोलाची वस्तू फ्रीजमध्ये आणि पूजेला नुसती लोखंडं? त्यांनी बाटली काढली. झाकलेली वस्तू पूजेत कशी ठेवायची, म्हणून कागद सोडला, झाकणाला कुंकू लावलं आणि खिडकीतल्या देवापुढे ठेवली. आम्ही आरती केली, पेढे खाल्ले आणि घरी गेलो. फुलांच्या ढिगात ती एवढीशी बाटली कोणाला दिसली नाही. संध्याकाळी बाईंनी ती पुसली, गुंडाळली आणि परत फ्रीजमध्ये ठेवली. हे सगळं मला पुढे बाईंनीच सांगितलं. त्या खिडकीत दिवसभर सोलापूरचं ऊन होतं.

दसरा झाला आणि मी मंद्रूपहून रक्त काढून आणलं, लॅबमध्ये ते काम माझंच. असं रक्त टिकत नाही, म्हणून श्रावणीने त्याच दिवशी तपासणी लावली. पडदा कोरा. एक पेशी चमकेना. लॅबचे प्रमुख अनिमेष सर, त्यांनी बाटली मागवली, सगळी चौकशी केली आणि म्हणाले, ही कोणीतरी उन्हात उघडी टाकली आहे. कोणीतरी म्हणजे कोण, हे वेगळं सांगायला नको होतं. ती बाटली एकटी श्रावणीच वापरायची. सगळ्यांदेखत त्यांनी तिला मशीनवरून काढलं. तिने हातमोजे काढले आणि बाजूला झाली. दारात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या गोदावरीबाईंच्या हातून चहा सांडला, आणि मला वाटलं, बाईंना पोरीची दया आली.

दया कसली! बाईंना सगळं तेव्हाच उमगलं होतं. पण ज्या तोंडाने आयुष्यभर दुसऱ्यांना शिस्त शिकवली, त्याच तोंडाला कुलूप लागलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

नवी बाटली यायला दिवाळी उलटली. तोवर श्रावणी काचेची भांडी धूत होती. घरी काय सांगायचं म्हणून दिवाळीला नातेपुत्यालाही गेली नाही. बाई तिच्यासाठी रोज भाकरी आणि शेंगाचटणी आणायच्या. तोंड उघडायचं सोडून डबा उघडत होत्या. ती मुकाट्याने जेवायची आणि बाई भिंतीकडे बघत बसायच्या. त्या डब्याची लाज वाटते, पण तो दिला हे चुकीचं वाटत नाही, असं त्या आजही म्हणतात.

नवी बाटली आल्यावर पुन्हा रक्त काढायला मी, श्रावणी आणि बाई मंद्रूपला गेलो. म्हाळसाबाई शेळ्यांना पाला टाकत होती. पहिलं रक्त फुकट गेलं आणि बाटली श्रावणीच्या ताब्यात होती, हे माझ्याकडून कळल्यावर तिने श्रावणीला नखशिखांत न्याहाळलं.

"ह्या पोरीच्या हातात काय देऊ नगा," ती मला म्हणाली. "लई कच्ची हाय."

श्रावणीने मान खाली घातली. गोदावरीबाई दोघींच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

"तिनं न्हाय केलं, आक्का." माहेरची बोली आपसूक त्यांच्या तोंडात आली. "मी केलं. बाटली खंडेनवमीला देवापुढं ठिवली, उन्हात. आन् पोरीला बोलणी खाऊ दिली."

वस्तीतल्या बायका भोवती जमल्या होत्या. म्हाळसाबाईने हातातला पाला टाकला, हात पदराला पुसला आणि सुईसाठी माझ्यापुढे धरला. बाईंकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

परतताना जीपमध्ये बाई म्हणाल्या की सरांना आजच सांगते, मला काढून टाकलं तरी चालेल. मग श्रावणीकडे वळून म्हणाल्या, "तुला कुठल्या तोंडाने सांगायचं, तेच मला कळत नव्हतं ग."

"मला माहीत होतं, ताई," श्रावणी म्हणाली. "झाकणाच्या खाचेत कुंकू राहिलं होतं. सरांनी बाटली मागवली तेव्हा मीच ते पुसून दिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुम्ही सांगाल. आज नाही तर उद्या सांगाल, असं रोज डबा खाताना वाटायचं."

बाईंनी पदर तोंडावर ओढला तो सोलापूरच्या वेशीवरचं सैफुल आलं तरी काढला नाही. लॅबपाशी जीपमधून उतरल्या, पायातली चप्पल काढायची विसरल्या आणि तशाच सरांच्या खोलीत गेल्या.