ओल्या लाकडावरचा रंग

हे गेल्याची बातमी पांडू नाखव्याला पंधरा दिवसांनी कळली आणि कळली त्याच दुपारी तो सुनेला घेऊन कफ परेडहून आमच्या दादरच्या घरी आला. पांडू म्हणजे ह्यांचा शाळेपासूनचा दोस्त, जन्म समुद्रावर काढलेला, आता नव्वदीच्या पुढचा. ह्यांच्या फोटोकडे न बघता खुर्चीत बसला, चहा प्यायला आणि मला म्हणाला, "वैनी, होडीचा रंग आठवतो?" तोवर भेटायला आलेल्यांनी ह्यांच्या शिस्तीबद्दल, सचोटीबद्दल पुष्कळ सांगितलं होतं. मी सगळ्यांना कोरड्या डोळ्यांनी हो हो केलं होतं. रंग म्हटल्याबरोबर मात्र मी पदर तोंडाला लावला.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या ऐन धामधुमीत लग्न होऊन मी ठाकूरद्वारला आले. दोन खोल्या, नऊ माणसं. बाहेरच्या खोलीत सकाळी सासरे वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, संध्याकाळी सभेहून आलेले दीर आणि त्यांचे मित्र वाद घालायचे. आतल्या खोलीत सासूबाई आणि दोन नणंदा. मुंबई महाराष्ट्राला मिळावी असं मलाही मनापासून वाटे, पण त्याआधी आम्हा दोघांना बोलायला हातभर जागा मिळाली असती तर फार बरं झालं असतं. लग्नाला चार महिने झाले तरी हा माणूस हसतो कसा ते मला माहीत नव्हतं.

ह्यांची आणि पांडूची एक सामाईक होडी होती, जुनी आणि लहानशी. एका रविवारी हे सासूबाईंना म्हणाले, होडीच्या तळाचा रंग सुटलाय, खरवडायला माणूस कमी पडतो, हिला नेतो. सासूबाईंच्या कपाळावर आठी चढली... पण येताना ताजी मासळी आणायचं कबूल केल्यावर ती उतरली. ट्रामने कुलाबा, पुढे पायी. होडी वाळूवर ओढून ठेवलेली होती. पायाखालच्या फळ्या उचलल्या की खाली सगळ्यांत खोलगट जागा, झिरपलेलं पाणी साचतं ती. तिथला लाल रंग तळलेल्या पापडासारखा फुगला होता. पोपडे सुटले की पाणी वाहायच्या भोकांत अडकतात, पाणी तुंबतं, म्हणून ते वेळेवर काढायला हवेत, हे ह्यांनी मला कचेरीतल्या गंभीर चेहऱ्याने समजावलं. मग आम्ही पत्र्याचे तुकडे घेऊन समोरासमोर उकिडवे बसलो. वास असा की मला मळमळून आलं. पण होडीच्या कडा डोक्याच्या वर होत्या, आणि बाहेरून आम्ही कुणालाच दिसत नव्हतो.

तिथे ह्यांना वाचा फुटली. साहेबाची नक्कल काय, मोर्चात चप्पल हरवून अनवाणी कचेरी गाठल्याची गोष्ट काय... मी हसून हसून बेजार. ह्यांना मी पहिल्यांदा नावाने हाक मारली ती तिथेच; घरी जीभ रेटली नसती. मला दिवस गेल्याचं सासूबाईंच्या आधी ह्यांना सांगितलं तेही तिथेच. ह्यांनी हातातला पत्रा खाली ठेवला आणि माझ्या हातातलाही काढून घेतला, नाकावर लाल कपची तशीच. निघताना रंगाचा एक हात मारायचा, आणि महिन्याभरात पुन्हा पोपडे. पांडू करवादायचा, की ओल्या लाकडावर रंग धरत नाही, आधी सुकू दे, नाहीतर उघडं ठेव आणि तेल चोळ. हे मान डोलवायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा ओल्यावरच ब्रश फिरवायचे. मला वाटे, कारकून माणूस, ह्यांना होडीतलं काय कळतंय!

पुढे राज्य झालं. काही वर्षांनी दादरला आमचं वेगळं बिऱ्हाड झालं, दाराला आतून कडी आली. होडी पांडूकडेच राहिली. आणि आमचं बोलणं आटत गेलं. भांडण कधीच नव्हतं... हे वर्तमानपत्रात, मी ओट्याशी, मधे मुलांचे अभ्यास आणि दुखणी. दोघांनीच बसावं अशी जागा होती, वेळही पुढे पुष्कळ होता. मीच बसले नाही.

आता इतक्या वर्षांनी पांडू खुर्चीतून म्हणाला, "वैनी, त्याला सगला ठाव व्हता. मी तापलो तवा बोल्ला, पांडू, रंग टिकला तं आमी दोघांनी बसायचा कुठं?"

मला आधी रागच आला. पांडूला सांगितलं, आणि मला साठ वर्षांत एकदाही नाही? भांडायला माणूस समोर हवा होता. पांडू गेल्यावर मी मोरीशी जाऊन उभी राहिले. मोरीलगतची आमची भिंत कायम ओल धरते. दर दिवाळीआधी हे स्वतः ब्रश घेऊन ती रंगवायचे आणि मला हाक मारायचे, "जरा डबा धरायला येतेस?" मी आतूनच म्हणायची, आधी गळती काढून घ्या, ओल्यावर कुठे रंग टिकतो... आणि चकलीचा घाणा सोडून उठायची नाही. हे एकटेच रंगवायचे. किती दिवाळ्या त्या हाका आल्या, मी मोजल्या नाहीत.

काल मुलगा म्हणाला, आई, प्लंबर बोलावून ती गळती कायमची बंद करून टाकू, पोपडे किती पडलेत बघ. मी नको म्हटलं. मग करायचं काय त्या भिंतीचं, त्याने विचारलं. मी म्हटलं, एक स्टूल आणून दे, मला तिथे जरा बसायचंय.