नवरदेवाची खोली, औली

माणसाने आयुष्यात एकदा तरी हिमालयासमोर नम्र व्हावे, असे माझे फार जुने मत आहे. हे मत मी पडेगावातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बनवले होते. ते तिथेच राहिले असते तर कुणाचेही काही बिघडले नसते.

पण शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, ते मनावर घेतले. शैला शाळेत भूगोल शिकवायची. हिमनदी, हिमरेषा, हिमवर्षाव हे सगळे तिने वर्षानुवर्षे फळ्यावर पांढऱ्या खडूने काढले; तिने स्वतः पाहिलेला बर्फ मात्र फक्त आमच्या फ्रीजमधला, तोही वीज गेली की वितळणारा. निवृत्त झाल्यावर एका सकाळी ती म्हणाली, "औलीला जाऊ. मला बर्फावर उभं राहायचंय. त्या लांब पट्ट्या पायाला बांधून."

मी चहाचा कप खाली ठेवला. उंची आणि उतार यांच्याशी माझे संबंध पहिल्यापासून औपचारिक आहेत. दौलताबादचा किल्ला आम्हाला जवळ. पाहुणे आले की मी त्यांना किल्ला दाखवायला नेतो, म्हणजे त्यांना वर पाठवतो आणि स्वतः खाली पेरू खात बसतो. (इतिहास खालूनही पुरेसा दिसतो.)

आता, नवऱ्याने "मला भीती वाटते" असे म्हणण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगितले की शैलाला भीती वाटते. हौस आहे तिला, पण मनातून घाबरते. तेव्हा घाबरणाऱ्या नवशिक्याला झेपेल अशी जागा राहायला शोधावी लागेल. बजाजनगरला राहणारी आमची मुलगी फोनवर म्हणाली, "आई घाबरते? आपली आई?" शैला समोरच मेथी निवडत बसली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, आणि पुढची जुडी सोडली. मी तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

मग मी जागा शोधायला बसलो. हॉटेलांच्या पानांवर प्रत्येक उतार 'सौम्य' होता. फोटोत मात्र कॅमेरा असा तिरपा धरलेला, की उतार सपाट दिसावा आणि उभी माणसे पडायला आलेली दिसावीत. एका ठिकाणी 'राजेशाही हिमानुभव' मिळत होता; बाथरूममध्ये गरम पाणी मिळते की नाही, याबद्दल राजेशाहीचे मौन होते. एका पाहुण्याने लिहिले होते, 'नवशिक्यांसाठी उत्तम.' त्याच्या खालच्याने लिहिले होते, 'वरच्यावर विश्वास ठेवू नका.' आठवडाभर वाचून माझे एकच मत पक्के झाले, ते म्हणजे घरीच राहावे.

इथे भानुदास आला. भानुदास हा शैलाचा धाकटा भाऊ, लासूर स्टेशनला त्याची आडत आहे. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात गेल्या कित्येक वर्षांत जेवढी लग्ने झाली, त्या सगळ्यांची मंगल कार्यालये त्याने ठरवली. तो कार्यालयात शिरला की मॅनेजर उभा राहतो. ताईसाठी जागा ठरत नाही हे कळल्यावर तो मोटारसायकल काढून थेट पडेगावला आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "दाजी, नंबर द्या. तुम्ही लई वाचत बसता."

त्याने औलीच्या एका रिसॉर्टला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पहिल्यांदा पाण्याची टाकी किती मोठी आहे ते विचारले. मग जनरेटर. मग आचारी घरचा आहे की बाहेरचा. पलीकडचा मॅनेजर सज्जन होता, तो उत्तरे देत राहिला. नवशिके आहेत आणि एकाला भीती वाटते असे कळल्यावर तो म्हणाला की मग खालच्या ब्लॉकमधली खोली घ्या, डाइनिंग हॉलला लागूनच आहे, सगळे नवशिके तिथेच उतरतात.

माझा जीव भांड्यात पडला. पण भानुदासने फोनवर हात ठेवला.

"दाजी, मुदपाकाजवळची खोली. ती कुणाला देतेत?"

"कुणाला?"

"आचाऱ्याला. न्हाय तर ज्या पाहुण्यावर राग आहे त्याला. माझ्या ताईला तिथं टाकू व्हय?"

कार्यालयशास्त्राचा नियम त्याने मला समजावून सांगितला. सगळ्यात मानाची खोली नवरदेवाची. तिचे दार थेट मुख्य जागेवर उघडते. बाहेर पाऊल टाकले की स्टेज. घाबरणाऱ्या माणसाला चालायला लावायचे नाही, हेच तर त्यातले मर्म. मला ते पटले. (मला शंका आली असती, पण तो इतक्या खात्रीने बोलत होता की शंकेला बसायला जागा नव्हती.)

त्याने हात काढला. "भाईसाब, जिधर लोगां फिसलते, उसके सामने दरवाजा खुलने वाली रूम हय क्या?"

मॅनेजर म्हणाला की तशी एकच कॉटेज आहे, वर, उतारावरच. पण ती सराईत लोक घेतात.

"वोइच होना," म्हणत भानुदासने तीच पक्की केली. आणि वर बजावले, की आमच्या माणसांना समोरून आत घ्यायचे. नवरदेवाकडची माणसे आमच्यात मागच्या दाराने घेत नाहीत.

निघताना त्याने दोन गोष्टी दिल्या. एक, त्याच्या बायकोने शिवलेली जाड गोधडी, चेनच्या प्लास्टिक कव्हरात घातलेली. दुसरी, एक सूचना. "खोलीत गेल्या गेल्या मागचं दार बघायचं. कडी घालायची अन् सगळ्या बॅगा त्याला लावायच्या. लग्नात चोरी होती ती मागच्याच दारानं." मी म्हटले तिथे लग्न नाही. तो म्हणाला, "बॅगा तर हैत ना?"

आम्ही औलीला पोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि धुके असे की स्वतःचा हात ओळखीचा वाटेना. भानुदासच्या हुकमाप्रमाणे आमची स्वारी बर्फावरच्या घसरगाड्यांवर बसवून, लांबून वळसा घालून समोरच्या दारी नेण्यात आली. पुढे दोर ओढणारा हरीश नावाचा माणूस, मागे मी मांडी घालून. फक्त बँड नव्हता. खोलीत शिरताच मी मागचे दार शोधले, कडी घातली आणि एकावर एक बॅगा रचल्या.

"अहो, ते दार कुठं जातं ते तरी बघा," शैला म्हणाली.

"तू घाबरू नकोस," मी म्हणालो.

सकाळी धुके गेले होते. मी समोरचे दार उघडले. उंबरठा संपला तिथेच जगही संपत होते. त्याच्या पुढे फक्त पांढरा उतार, आणि खूप खाली डाइनिंग हॉलचे छप्पर, त्यातून निघणारा पराठ्यांचा धूर. मी रिसेप्शनला फोन करून नाश्त्याला कसे यायचे ते विचारले. "दरवाज़े से निकलिए साहब, सीधे नीचे." इतक्यात एक तरुण पोरगी पायात त्या पट्ट्या घालून, दारासमोरून सुसाट खाली गेली. म्हणजे इथले लोक नाश्त्याला असेच जात होते.

मी शैलाकडे पाहिले. ती शांतपणे केस विंचरत होती. "तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली, "मी येते सावकाश. मला भीती वाटते ना."

पोटात भूक आणि मागे बायको अशी अवस्था असेल तर माणूस काहीही करतो. मी गोधडी कव्हरासकट उंबऱ्याबाहेर अंथरली, तिच्यावर बसलो, पाठीमागे दार ओढून घेतले, दोन्ही हातांनी चेन धरली, मुहूर्ताची वाट पाहत अर्धा तास तसाच बसलो, आणि निघालो. नक्की सांगायचे तर गोधडी निघाली, मी तिच्याबरोबर गेलो. वाटेत तिने दिशा बदलली, त्यामुळे उरलेला प्रवास मी पाठमोरा केला. सगळा हिमालय माझ्या डोळ्यांसमोर वर वर जात होता आणि मी त्याला हात जोडू शकत नव्हतो, कारण हात चेनला होते.

खाली लहान मुलांचा वर्ग चालला होता. मी त्यांच्या मधोमध येऊन थांबलो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचे शिक्षक कौतुकाने म्हणाले, "देखो बच्चो, डर लगे तो ऐसे बैठ जाना."

कपडे झटकत मी डाइनिंग हॉलमध्ये शिरलो, तर खिडकीजवळच्या टेबलावर शैला. समोर अर्धा पराठा. अंगावर शाल, पायात घरातल्या सपाता आणि मोजे, तेही कोरडे ठणठणीत. मोबाइल माझ्यावर रोखलेला.

"तू कशी आलीस?"

"आले की."

मी थक्क झालो. भूगोल या विषयाला मी उगीच कमी लेखत होतो.

तिने ती चित्रफीत तेवढ्यात लासूरला पाठवलीही होती. भानुदासचा फोन आला. "दाजी, लई भारी. पण ताईला हात धरून आणत जा. ती भिती."

मुक्काम संपेपर्यंत रोज हेच झाले. सकाळी मी गोधडीवर, मुले टाळ्यांना तयार, आणि शैला माझ्या आधी टेबलावर. संध्याकाळी हरीश मला घसरगाडीतून वर न्यायचा. "साहब, सामने से ही जाएँगे?" असे तो रोज विचारायचा. "सामने से," मी म्हणायचो. मान सोडणे बरे नव्हे. शैला पाय मोकळे करत येते म्हणायची, आणि आम्ही वळसा घालून पोचेपर्यंत आत बसून स्वेटर वाळत घालत असायची. बॅगा जागच्या जागी. मी विचार करून थकलो आणि शेवटी ते सगळे हवामानावर सोडून दिले.

पण एक सांगायला हवे. निघण्याच्या आदल्या दुपारी, त्या लहान मुलांच्या वर्गात, शैला पायाला पट्ट्या बांधून उभी राहिली. डगमगली. मग हळूच सरकली, थोडीच, आणि पडली नाही. फळ्यावर इतकी वर्षे काढलेल्या बर्फावर उभी राहून तिने इकडेतिकडे पाहिले, कुणाला तरी सांगायचे असल्यासारखे. मी तिथेच होतो. गोधडीवर बसलेला. मी हात हलवला, आणि तोल जाऊन आडवा झालो. ती इतकी हसली की तीही पडली.

निघायच्या दिवशी सामान न्यायला हरीश आला. दारावर टकटक झाली, पण समोरच्या नव्हे. आवाज बॅगांच्या मागून येत होता. मी एकेक बॅग बाजूला केली आणि मागचे दार उघडले. हरीश दारात उभा होता, पायात साध्या चपला आणि जाड मोजे. बुटांवर बर्फाचा कणही असायचा प्रश्न नव्हता, कारण बूटच नव्हते.

मी वळून शैलाकडे पाहिले.

"तुला हे दार माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुमची तर नवरदेवाची खोली," ती गोधडीची घडी घालत म्हणाली. "भित्री मी. सगळ्यांना तुम्हीच सांगितलं ना? भित्रं माणूस आपलं गुपचूप मागच्या दारानं जातं, अन् येताना बॅगा जागेवर लावून ठेवतं."

मी वाकून बाहेर पाहिले. पायऱ्या कॉटेजच्या आडून वळून थेट डाइनिंग हॉलपर्यंत जात होत्या. रोज सकाळी झाडत असावेत. कठडा होता. दोन्ही बाजूंनी.