घाटंजीच्या कापसात मुनिया

टिपेश्वर अभयारण्यात वाघ पाहायचा, एवढंच ठरवून मालवणहून निघाले. मुंबईमार्गे धामणगाव स्टेशन, तिथून एसटीनं यवतमाळ, मग घाटंजी. शेवटचा टप्पा खड्ड्यांचा आहे, उजेडात पोचा. मुक्काम मैत्रीण वैशालीकडे. जेवायला भाकरी आणि तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, भाजी.

पुढच्या खोलीत छताला टेकेल इतका कापूस रचला होता. भाव चढेपर्यंत तो घरातच राहतो. दारापाशी पिंजरा, आत लाल मुनिया. वैशालीच्या सासूबाई, शांताकाकू, तिला राळ्याचे दाणे भरवत होत्या. मी त्यांना फोनवर आमच्याकडचे डॉल्फिन दाखवले.

"हा मासा व्हय?"

"नाही काकू. वर येऊन श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. आपल्यासारखा सस्तन."

"मंग पान्यात काहून राह्यते?"

मी पुढचा फोटो दाखवला. काकूंनी पिंजऱ्याकडे बोट केलं.

"अन् माही मुनिया?"

"ती गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटातली. पण कायदा दोघांनाही राखतो. पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. आमच्या डॉल्फिनची जातच धोक्यात आहे, मुनियाची अजून नाही."

"धोक्यात नाही, तं माह्या घरी काय धोका हाय तिले?"



सकाळी सुन्ना गेटमधून सफारी. बुकिंग आधीच करा. वाघ दिसला नाही. पाणवठ्याजवळच्या गवतावर मुनियांचा थवा उतरला, उडाला. त्यातली एक कमी झाली तर काय बिघडतं? आणि काहीच बिघडत नसेल, तर कायदा कशाला?

परतले तेव्हा घरभर कापूस पसरला होता. माझं ऐकून काकूंनी पिंजरा उघडला होता. मुनिया उडाली नाही. पडली, फडफडत ढिगात शिरली. सगळे हातांनी कापूस उपसत होते.

"पाय नको टाकू वं!" काकू ओरडल्या.

"व्यापाऱ्याले म्हनू, मुनियासकट भाव लाव," वैशाली म्हणाली. कोणी हसलं नाही.

सापडली. जिवंत होती. विकणाऱ्यानं तिच्या पंखांची पिसं कापलेली.

"कायदा सांगतला तू, पोरी. पंख नाही पाह्यले."

खरंच पाहिले नव्हते.

आम्ही कळवल्यावर वनविभागाची माणसं तिला घेऊन गेली. पिसं पुन्हा येतील, मग सोडू, म्हणाली. काकूंनी राळ्यांची पुडी सोबत दिली.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी काकूंचा फोन आला. मुनिया सोडली होती. उडाली म्हणे. मला बरं वाटलं, पण काकूंचा आवाज उतरलेला होता.

"तुह्या डॉल्फिनले तं कोनी धरत नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

त्या दिवशी सकाळीच पर्यटकांच्या बोटींनी डॉल्फिनच्या एका मादीला आणि तिच्या पिल्लाला घेरलं होतं. एका बोटीत, फोन उगारून, मी होते.