बाजाराच्या दिवशी आलेला फोन

बुलढाण्याकडच्या धाड गावच्या बाजारात सत्यभामाबाईंकडची वांगी कुणी निवडून घेत नसे. ढिगात हात घातला की बाई तो हातच धरायच्या. "ठेवा खाली! मी देते त्यात किडकं निघालं तं माह्या तोंडावर आनून मारा," म्हणायच्या. तशी छाती आजवर कुणाची झाली नव्हती. खुद्द नवरा हिंमतराव बायकोपुढे बोलायच्या आधी दोनदा खाकरत असे, तिथं गिऱ्हाइकाची काय कथा!

तर अशी ही खमकी बाई एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालच्या एका बाजारात मिरच्या मागणाऱ्याच्या पिशवीत वांगी ओतत होती. चित्त थाऱ्यावर असेल तर ना! वय एक्केचाळीस, पोटात पाचवा महिना, आणि बुलढाण्याहून डॉक्टरीणबाईंचा फोन आज येतो की उद्या, अशी वेळ.

लग्नानंतर पहिल्या काही वर्षांत दोनदा दिवस राहिले होते, दोन्हीदा पोट रिकामं झालं. मग नुसतीच वर्षं गेली. सासू रुक्मिणीबाईंनी उपास केले, नवस बोलले, आणि शेवटी नाद सोडला. सत्यभामाबाईंनी मात्र सोडला नाही. बुलढाण्यात प्रतिमाताई नावाच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्याचं कानावर पडलं, तशी बाई एकटीच एसटीत बसून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. प्रतिमाताईंनी तपासलं, गोळ्या सुरू केल्या, मधे दोन-चारदा बोलावलं. आणि काय सांगावं, वर्ष फिरायच्या आत दिवस राहिले!

हिंमतराव तर दवाखान्याच्या बाकावरून उठून परत बसले, परत उठले. पण प्रतिमाताई हसत हसत एकदम गंभीर झाल्या.

"हे बघा, या वयात राहिलेल्या बाळात कधी कधी मुळातच खोट राहते. शरीराला आणि बुद्धीला जन्मभर पुरणारी. बाळाभोवती पाणी असतं. ते सुईनं थोडंसं काढून तपासलं तर आधी कळतं. मुंबईत करतात हल्ली."

"आन खोट निघाली तं?" हिंमतरावांनी विचारलं.

"मग पुढचं तुम्ही दोघांनी ठरवायचं."

धाडला उतरल्यावर सत्यभामाबाई म्हणाल्या, "जाऊ मुंबईले. माह्यं लेकरू कसं हाये, ते मले कळलं पायजे."

मुंबईला सुईचं भय वाटलं नाही. भय वाटलं ते बाहेरच्या बाकावर. शेजारी एक पोरसवदा बाई पदर तोंडात कोंबून रडत होती. सत्यभामाबाईंनी पाठीवर हात ठेवला, "काय झालं वं? लेकरू नीट नाई का?" तर ती म्हणाली, "नीट आहे. मुलगी आहे." पलीकडे तिची सासू बसली होती. तिनं मान वळवली, पाहिलं आणि परत भिंतीकडे तोंड केलं. सत्यभामाबाईंच्या अंगाचा असा तिळपापड झाला की हिंमतरावांनी हाताला धरून त्यांना बाहेर नेलं, नाहीतर त्या सासूचं काही खरं नव्हतं.

त्याला आता काही आठवडे झाले होते, निकाल प्रतिमाताईंकडे यायचा होता. आणि परवा मिरचीच्या वाफ्याला पाणी देताना पोटात लेकरू हललं! पहिल्यांदाच. बाई फावडं हातात धरून हसत सुटल्या, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. आता खोट निघाली तर? या हलणाऱ्या जिवाचं काय करायचं? तेव्हापासून घास गोड लागत नव्हता.

"सत्यभामाबाई! फोन!" पोस्टातला शिपाई बाजाराच्या तोंडाशीच ओरडला. "बुलढान्याहून! लवकर चाला!"

तराजू तिथंच टाकून बाई निघाल्या. मागून हिंमतराव, त्यांच्या मागून अर्धा बाजार. गावात फोन यायचा तो कुणी गेल्याचा नाहीतर बदलीचा, तेव्हा लोकांना काय, तमाशाच! पोस्टमास्तर चिंतामणराव दारात आडवे झाले, पण लोक खिडकीला लोंबकळले.

लाइन अशी खरखरत होती की बाईंना बोंब मारावी लागली.

"हालो! मी सत्यभामा! लेकरू नीट हाये का?"

झालं! पाच महिने पदराआड जपलेली गोष्ट खिडकीतल्या सगळ्यांना कळली. बाईंना त्याचं भानही नव्हतं. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते.

"नीट आहे!" प्रतिमाताई पलीकडून ओरडल्या. "काही खोट नाही! अगदी व्यवस्थित आहे बाळ! आणि ऐका, मुलगा की मुलगी तेही कळलंय, तर..."

"नका सांगू!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की चिंतामणरावांच्या हातातला शिक्का पडला. "बाई, तुमच्या पाया पडते, ते सांगू नका! मले पायजे होतं ते भेटलं!"

फोन ठेवला आणि त्या स्टुलावर टेकल्या. चिंतामणराव हळहळले, "अहो, आपणहून सांगत होत्या त्या! ऐकून तरी घ्यायचं!"

"तुमाले काऊन येवढी घाई, मास्तर?" म्हणत बाईंनी डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळल्या. पण नवरा होता कुठे! "नीट आहे" एवढं कानी पडताच गडी पसार झाला होता.

बाई बाजारात आल्या आणि बघतात तर जो तो त्यांना हात जोडतोय. "पोरगा झाला समजा, बाई!" भीमाबाई म्हातारी तर कानाशी बोटं मोडून दृष्ट काढून मोकळी झाली. बाईंना काही उमगेना. मग दिसले हिंमतराव. भर बाजारात, टोपी मागे सरकलेली, हातात पेढ्यांचा पुडा, येईल त्याच्या तोंडात पेढा कोंबणं चाललेलं.

"अवो! पेढे काऊन वाटून राह्यले तुमी?"

"खुशी झाली म्हून!"

"पेढे पोराचे असते ना, पोट्टीच्या जिलब्या! लोकं काय समजून राह्यले, पाहा जरा!"

हिंमतरावांचा हात तसाच हवेत राहिला. "अरे बाप्पा! माह्या ध्यानातच नाई आलं वं."

तेवढ्यात रुक्मिणीबाई येऊन धडकल्या. बातमी घरी पोचली होती. धापा टाकत, पेढा चघळत म्हातारी साऱ्या बाजाराला सांगत होती, "मालकाचंच, हिंमतच्या बापाचंच नाव ठेवतो! मोतीराम! माह्या घरी मोतीराम येऊन राह्यला!"

मुंबईच्या बाकावरची ती सासू सत्यभामाबाईंच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. हसून वेळ मारून नेता आली असती. पण चार महिन्यांनी काय? बाई तरातरा जिलब्यांच्या कढईपाशी गेल्या, कागदभर गरम जिलब्या घेतल्या आणि सगळ्यांदेखत सासूपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"आत्याबाई, पेढा खाल्ला ना? आता हे खा."

म्हातारीचं तोंड चालायचं थांबलं. "काऊन? पोट्टी हाये का?"

"मले मालूम नाई. डॉक्टरीण सांगत होती, मीच नाई म्हटलं. लेकरू नीट हाये, येवढंच मालूम. पन मी आजच सांगते, ज्याले निसती पेढ्याचीच खुशी हाये, त्यानं माह्या लेकराले पाह्यले येऊ नये. मंग तो कोनी का असंना!"

हिंमतराव दोनदा खाकरले. रुक्मिणीबाईंनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, मग पोटाकडे पाहिलं. आणि कागदातली सगळ्यात मोठी जिलबी उचलली.

"मोतीराम काई पोट्टीले शोभनार नाई वं," जिलबी तोंडात घालत म्हातारी म्हणाली, "दुसरं बी एक नाव पाहून ठेवा लागन."